गुन्हा ‘डू’ होत नाही

मी बेळगावच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकून. शिक्षण सगळं मराठीतून, त्यामुळे इंग्रजी नोटिशीचा मसुदा केला की साहेबांचं लाल पेन ठरलेलं. ‘डिड क्राईम’ लिहिलं म्हणून पक्षकारांसमोर हसले, त्याच संध्याकाळी टिळकवाडीतल्या एका क्लासला नाव घातलं. महिन्याला 1800 रुपये, रोज सात ते आठ.

शिकवणं चोख. सर सुटा शब्द देतच नाहीत, जोडी देतात. लॉ ‘ब्रेक’ करायचा, क्राईम ‘कमिट’ करायचा, करार मोडला तर ‘ब्रीच’. ‘फ्लाउट द रूल्स’ म्हणजे नियम धाब्यावर बसवणं, हे कळल्यावर परमुलखात गाववाला भेटल्यागत झालं. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे आपला कानाडोळा. त्यांचं नुसत्या डोळ्यावर भागतं, आपल्याला कानही लागतो.

रंगला तो ‘बेंड द रूल्स’चा तास. अनगोळचा एक पोरगा म्हणाला, “सर, रेल्वेच्या दुसऱ्या गेटला फाटक पडलं की आम्ही वाकून खालनं जातो, ते बेंडच की!” सर म्हणाले, “वाकतोस तू, रूल नव्हे. ते सरळ ब्रेक. पाच वाजून गेले तरी ओळखीचा म्हणून टेबलावर अर्ज घेतात, ते बेंड.” सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी काय बोलणार? दिलेत की तसले दोन-चार अर्ज.

उणं म्हणाल तर नोट्स जुन्या. फसवणुकीला अजून आयपीसी 420. अहो, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणूक आता 318 मध्ये. दाखवलं तर “उदाहरणापुरतं आहे ओ” म्हणाले. कोर्टात उदाहरणापुरतं काही नसतं. शिवाय पंधराची बॅच सांगून तीस जण कोंबलेले, पंखा एकच.

तरी नाव घालायला हरकत नाही. गेल्या नोटिशीत लाल खुणा दोनच होत्या, त्यातली एक स्वल्पविरामाची.

शेवटच्या आठवड्यात ‘अव्हॉइड टॅक्स’ आणि ‘इव्हेड टॅक्स’ झालं. पहिल्यात कायद्यात बसवून कर वाचवायचा, दुसऱ्यात चोरायचा. सरांनी फरक फार सुरेख समजावला. फी रोख घेतली होती, पावती ‘उद्या देतो’ म्हणाले होते. क्लास संपून तीन आठवडे झाले.