वेळ कुठे गेला आणि का गेला: नागपुरातील एका शर्यत-विश्लेषण सेवेचा अनुभव

बजाजनगरातील एका लहान प्रशिक्षण केंद्रात हायरॉक्स या धावणे आणि ताकदीचे व्यायाम एकत्र असलेल्या शर्यतीच्या स्पर्धकांसाठी त्यांच्या शर्यतीचे विश्लेषण करून दिले जाते. मुंबईतील माझी पहिली शर्यत झाल्यावर मी ही सेवा घेतली, तिच्यासाठी ३,५०० रुपये मोजले आणि पुढचे बारा आठवडे तिच्याच आधारे सराव केला. नागपुरात या शर्यतीची तयारी करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि त्यांतील बरेच जण मी केली तीच चूक करताना दिसतात. निकालपत्रकात ज्या स्टेशनसमोर, म्हणजे धावण्याच्या मधल्या व्यायामाच्या टप्प्यासमोर, सर्वांत मोठा आकडा असतो, त्याच स्टेशनचा सराव ते दुप्पट करतात. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जर्मनीतील क्रिस्टियन टोट्झके आणि २००८ व २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक मिळवणारे मोरिट्झ फ्युर्स्टे यांनी २०१७ मध्ये हायरॉक्सची स्थापना केली. पहिली शर्यत २०१८ मध्ये हॅम्बुर्गला झाली आणि भारतातली पहिली मे २०२५ मध्ये मुंबईला. एक किलोमीटर धावायचे आणि एक स्टेशन पूर्ण करायचे, असे आठ वेळा करायचे असते. स्टेशनांचा क्रम जगभर सारखाच असतो: १,००० मीटर स्कीअर्ग (उभे राहून दोन दोर खाली ओढण्याचे यंत्र), ५० मीटर स्लेड पुश (वजन लादलेली बिनचाकी घसरगाडी ढकलणे), ५० मीटर स्लेड पुल (ती दोराने ओढणे), ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप (छाती जमिनीला टेकवून उठणे आणि पुढे उडी मारणे), १,००० मीटर रोइंग (यंत्रावर वल्हवणे), २०० मीटर फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे), १०० मीटर सँडबॅग लंजेस (खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघा टेकवत पुढे जाणे) आणि शेवटी १०० वॉल बॉल (बैठक मारून उठताना जड चेंडू भिंतीवर उंच फेकणे). धावण्याचा मार्ग आणि स्टेशन यांच्यामधल्या जागेला रॉक्सझोन म्हणतात. घोट्याला बांधलेल्या चिपमुळे प्रत्येक टप्प्याचा वेळ स्वतंत्र नोंदला जातो. इतकी तपशीलवार नोंद हौशी धावपटूला साध्या मॅरेथॉनमध्येही क्वचितच मिळते, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेक जण एकूण वेळ पाहून निकालपत्रक बंद करतात.

पुरुषांच्या ओपन (प्रो गटापेक्षा हलक्या वजनांच्या) गटात माझा एकूण वेळ १ तास ४२ मिनिटे १५ सेकंद होता. त्यात धावण्याचे ४९:५८, आठ स्टेशनांचे ४३:५३ आणि रॉक्सझोनचे ८:२४. वॉल बॉलला ८:३४ लागले होते आणि तोच सर्वांत मोठा आकडा होता. त्यामुळे मुंबईहून परतल्यावर तीन आठवडे मी एक दिवसाआड ६ किलोचा चेंडू भिंतीवर फेकत राहिलो. खांदे दुखू लागले, पण पाय थकलेले असताना फेकण्याच्या वेळेत काहीही फरक पडला नाही.

विश्लेषणाच्या पहिल्या बैठकीपूर्वी प्रशिक्षकांनी मला आठवडाभरात पाच स्टेशने ताज्या दमाने, एका दिवशी एकच, पूर्ण करायला लावली आणि ते वेळ शर्यतीतल्या वेळांशेजारी मांडले. या सेवेचे खरे मोल मला याच मांडणीत दिसते. ताज्या दमाने १०० वॉल बॉलना मला ५:५० लागले, म्हणजे शर्यतीत २:४४ जास्त गेले होते. लंजेसमध्ये ताजा वेळ ४:५५ आणि शर्यतीतला ६:०५. बर्पी ब्रॉड जंपमध्ये ५:५५ आणि ६:४०, तर रोइंगमध्ये ४:२० आणि ५:०२. स्लेड पुलमध्ये मात्र ६:०५ आणि ६:२८ एवढाच फरक निघाला. ज्या स्टेशनावर ताजा आणि थकलेला वेळ जवळजवळ सारखाच वाईट असतो, तिथे ताकद किंवा तंत्र कमी पडते. जिथे हा फरक मोठा असतो, तिथे त्या स्टेशनाचा दोष फार थोडा असतो आणि आधी झालेल्या उधळपट्टीची ती वसुली असते. प्रशिक्षक माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत. ते शांतपणे म्हणाले, "सर, वॉल बॉलचा वेळ वॉल बॉलवर गेलाच नाही, तो पहिल्या किलोमीटरवर गेला."

ते खरे होते, आणि पुरावा माझ्याच निकालपत्रकात होता. माझे आठ किलोमीटर अनुक्रमे ५:०२, ५:३८, ६:१२, ६:२०, ६:३१, ६:२४, ६:३६ आणि ७:१५ असे झाले होते. १० किलोमीटरचा माझा सर्वोत्तम वेळ ५६ मिनिटांचा आहे, म्हणजे किलोमीटरला ५:३६. ज्या शर्यतीत धावण्याच्या जोडीला आठ जड कामे करायची आहेत, तिचा पहिला किलोमीटर मी माझ्या १० किलोमीटरच्या गतीपेक्षा ३४ सेकंद लवकर संपवला होता. सभागृहातले संगीत, आरडाओरडा आणि सोबत सुटलेला घोळका यांच्या भरात हे कळलेही नाही. घड्याळातील नोंदीनुसार माझी नाडी पहिल्याच किलोमीटरच्या शेवटी १७६ वर गेली होती आणि नंतर फारशी खाली आलीच नाही. सुरुवात ५:४५ ने केली असती तर पहिल्या किलोमीटरला ४३ सेकंद गमावून पुढच्या टप्प्यांत काही मिनिटे कमावता आली असती, हे त्यांनी आकडेमोड करून दाखवले. नाडीच्या बाबतीत त्यांनी एक उपयुक्त सूचना केली. मनगटावरचे घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने नाडी मोजत असल्याने मूठ घट्ट आवळून ओढण्याच्या कामात त्याचे आकडे चुकू शकतात, म्हणून छातीचा पट्टा वापरावा. मी तो घेतला, आणि रोइंगच्या वेळी दोन्हींच्या आकड्यांत स्पष्ट तफावत दिसली.

रॉक्सझोनच्या ८:२४ कडे मी तोवर पाहिलेही नव्हते. माझ्या भाच्याने प्रेक्षकांच्या बाजूने मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण प्रशिक्षकांनी थांबवत थांबवत पाहिले. त्यात मी स्टेशनावरून बाहेर पडताना प्रत्येक वेळी चालत होतो, दोनदा कमरेवर हात ठेवून उभा होतो आणि एकदा चुकीच्या दिशेने वळलो होतो. हा वेळ सहा मिनिटांवर आणला तर ताकद किंवा दम यांत कणभरही वाढ न करता २:२४ वाचतात. वॉल बॉलवर तीन आठवडे घाम गाळून मला जे मिळाले नव्हते, ते इथे नुसते पडून होते, आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. याच चित्रीकरणात स्लेड पुलचा दोषही दिसला. मी ताठ उभा राहून केवळ हातांनी दोर ओढत होतो, कंबर मागे टाकून शरीराचे वजन दोराला देत नव्हतो.

त्यावरून आखलेला सराव साधा होता. आठवड्यातून एक दिवस धावणे, लगेच एक स्टेशन आणि लगेच पुन्हा धावणे. एक दिवस अंबाझरी तलावाच्या बाजूने सावकाश, लांब पल्ल्याचे धावणे. एक दिवस स्लेड पुलचे तंत्र आणि पायांची ताकद. केंद्रातली साधने सर्वांना पुरत नाहीत, म्हणून घरी लंजेससाठी मी जाड पोत्यात २० किलो कन्हानची रेती भरून घेतली आणि फार्मर्स कॅरीसाठी पाण्याच्या २० लिटरच्या दोन कॅन वापरल्या. ओपन गटात पुरुषांना प्रत्येक हातात २४ किलो न्यावे लागतात, तेव्हा कॅन थोड्या हलक्या पडतात, पण मुठीच्या सवयीला त्या चालतात.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची स्लेडची आहे. स्लेड किती जड लागेल हे तिच्यावरच्या वजनाइतकेच खालच्या गालिच्याच्या घर्षणावर ठरते, आणि केंद्रातली कृत्रिम हिरवळ शर्यतीतल्या गालिच्यापेक्षा वेगळी आहे. त्यामुळे १०३ किलोच्या स्लेड पुलचे दोन वेळ शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष कच्चा होता. चित्रीकरणाचा आधार नसता तर मी तो मानला नसता. अहवालात या मर्यादेचा उल्लेख असायला हवा होता. दुसरी उणीव आपल्या हवामानाशी निगडित आहे. अहवालात धावण्याच्या मर्यादा नाडीच्या आकड्यांत दिल्या होत्या आणि त्या फेब्रुवारीच्या सकाळी मोजल्या होत्या. एप्रिलमध्ये नागपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याच गतीला नाडी बरीच वर जाते. आकडा पाळायचा तर जवळपास चालावे लागते, आणि गती पाळायची तर आकडा मोडतो. मी हे निदर्शनास आणल्यावर त्यांनी सराव पहाटे पाचला हलवला आणि नाडीऐवजी सलग एक वाक्य बोलता येते का, ही कसोटी ठेवली. बदल योग्य होता, पण विदर्भात बसून तयार केलेल्या आराखड्यात तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. अहवाल ठरलेल्या दिवसापेक्षा नऊ दिवस उशिरा मिळाला. त्यातली वयोगटाच्या सरासरीशी केलेली तुलना मला निरुपयोगी वाटली, कारण धावण्याच्या मार्गाची आखणी आणि रॉक्सझोनची लांबी सभागृहागणिक बदलते.

परिणाम तपासण्यासाठी पहिल्या आणि बाराव्या आठवड्यात केंद्रातच अर्धी शर्यत घेतली गेली: चार किलोमीटर आणि रोइंगपासून वॉल बॉलपर्यंतची चार स्टेशने, त्याच क्रमाने, त्याच वेळेला. पहिल्या आठवड्यात माझे किलोमीटर ५:२०, ५:५८, ६:१० आणि ६:२५ असे झाले होते. बाराव्या आठवड्यात ते ५:४२, ५:४४, ५:४८ आणि ५:५० असे झाले. सुरुवात २२ सेकंदांनी सावकाश होऊनही एकूण धावणे ४९ सेकंदांनी कमी झाले, आणि शेवटच्या १०० वॉल बॉलचा वेळ ७:३५ वरून ६:२५ वर आला. या बारा आठवड्यांत वॉल बॉलचा स्वतंत्र सराव मी आठवड्यातून एकदाच, तोही धावण्याला जोडून केला होता. अर्ध्या शर्यतीवरून पूर्ण शर्यतीबद्दल ठामपणे बोलता येत नाही, विशेषतः पहिली चार स्टेशने, आणि त्यांतलीच स्लेडची दोन, तिच्यात नसताना. तरीही दिशा बरोबर आहे असे मी मानतो.

ज्यांनी अजून एकही शर्यत पूर्ण केलेली नाही त्यांनी हे पैसे खर्च करू नयेत. त्यांना नियमित धावणे आणि योग्य तंत्र शिकवणारा माणूस पुरेसा आहे. एक शर्यत झालेली असेल तर जाताना निकालपत्रकाची प्रत, घड्याळातील नोंद आणि शक्य तितके चित्रीकरण सोबत न्यावे. माझ्याकडे फक्त तीन स्टेशनांचे चित्रीकरण होते, आणि उरलेल्या पाचांबद्दलचा अहवालातला भाग त्याच प्रमाणात विरळ आहे. पुढच्या शर्यतीला भाच्याला पुन्हा नेणार आहे. या वेळी त्याने स्टेशनांपेक्षा रॉक्सझोनच्या तोंडाशी उभे राहावे, असे त्याला आत्ताच सांगून ठेवले आहे.