चार विद्याशाखा आणि एक शोधखिडकी : पबमेडचे परीक्षण

विद्यापीठांमध्ये चाललेल्या संशोधनाची बातमी वाचकांपर्यंत पोहोचते ती बहुतेक वेळा प्रसिद्धिपत्रकातून. विज्ञानविषयक मजकुराचे संपादन हे माझे काम असल्याने आरोग्य, मानसशास्त्र, नॅनोवैद्यक (अतिसूक्ष्म कणांचा औषधोपचारात वापर) आणि वनस्पतिविज्ञान या चार विषयांतील अशी पत्रके माझ्याकडे सतत येतात आणि मूळ शोधनिबंध पाहण्यासाठी मी दर वेळी पबमेड ही सेवा उघडते. ही सवय का हवी, हे एका तपासणीतून चांगले कळते. डिसेंबर २०१४ मध्ये बीएमजे या नियतकालिकाने ब्रिटनमधील वीस विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची छाननी प्रसिद्ध केली. मूळ निबंधात नसलेला ठाम सल्ला ४० टक्के पत्रकांत होता, केवळ सहसंबंध दिसत असताना ३३ टक्के पत्रकांनी कार्यकारणभाव सांगितला होता, आणि प्राण्यांवरील किंवा पेशींवरील प्रयोगांच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांत माणसांविषयी फुगवलेले निष्कर्ष काढलेले होते. म्हणजे अतिशयोक्तीची सुरुवात पुष्कळदा वर्तमानपत्रात पोहोचण्याआधीच झालेली असते.

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची सेवा असून जून १९९७ पासून ती सर्वांसाठी विनामूल्य आहे. तिची परंपरा मात्र १८७९ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या छापील सूचीपर्यंत मागे जाते. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. नोंदीत सहसा निबंधाचे शीर्षक, लेखक आणि गोषवारा असतो. पूर्ण मजकूर नसतो. तो २००० साली सुरू झालेल्या पीएमसी या संग्रहात किंवा मूळ नियतकालिकाकडे शोधावा लागतो. पबमेड आणि मेडलाइन एकच आहेत, असा समज सर्रास आढळतो आणि तो दूर करणे आवश्यक आहे. मेडलाइन ही त्याच ग्रंथालयाची निवडक सूची असून तिच्यातील सुमारे ५,२०० नियतकालिके तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार निवडलेली असतात. पबमेडमध्ये त्यांच्याखेरीज पीएमसीतून आलेल्या नोंदी, तसेच काही प्रकाशनपूर्व मसुदेही येतात. त्यामुळे ‘निबंध पबमेडवर आहे’ हे दर्जाचे प्रमाणपत्र म्हणून सांगणाऱ्या पत्रकाकडे मी अधिक सावधपणे पाहते.

चारही विषयांत ही सेवा कशी उतरते हे पाहण्यासाठी मी कर्क्युमिन हा एकच शब्द निवडला, कारण हळदीतील हा रेणू वनस्पतीच्या पेशीत तयार होतो, त्याच्या औषधी गुणांचे दावे असंख्य आहेत, नैराश्यावर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत आणि शरीरात तो नीट शोषला जात नसल्याने नॅनोकणांत भरण्याचे प्रयत्नही पुष्कळ झाले आहेत. शोधखिडकीत हळदीचे इंग्रजी नाव टाकले, की सेवा आपणहून तिचा शास्त्रीय वंश ‘कर्क्युमा’ हीही विषयसंज्ञा शोधात जोडते. ‘मेश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विषयसंज्ञांच्या कोशात सुमारे तीस हजार शब्द आहेत आणि पबमेडची खरी ताकद तिथेच आहे. २०२२ पासून नोंदींना संज्ञा लावण्याचे काम मुख्यतः संगणक करतो आणि निवडक नोंदी माणसे तपासतात. प्रगत शोधाच्या पानावर आपल्या शब्दांचे सेवेने नेमके काय रूपांतर केले हे उघडून पाहता येते. ही सोय फार थोडे लोक वापरतात, याची मला खंत वाटते. कारण शोधाचा निकाल चुकीचा का आला, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच पानावर असते.

आरोग्याच्या बाबतीत ही सेवा उत्कृष्ट आहे, आणि ते केवळ नोंदींच्या संख्येमुळे नाही. निबंधाभोवती पुढे काय घडले हेही ती दाखवते. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा १९९८ चा लॅन्सेटमधील निबंध आजही तिथे सापडतो, परंतु तो मागे घेतल्याची सूचना त्याच्या माथ्यावरच ठळकपणे येते; ती कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. दुरुस्त्या, त्यावर आलेली टीका, नंतर त्याचा उल्लेख करणारे निबंध आणि लेखकांनी जाहीर केलेले हितसंबंध हे सारे त्याच पानावर मिळते. बीटाकॅरोटीन या भाज्या-फळांतील रंगद्रव्याचे उदाहरण पाहावे. भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, या निरीक्षणावरून ते संरक्षक असावे असे मानले गेले होते. १९९४ मध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील यादृच्छिक चाचणीत (कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या) बीटाकॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. यादृच्छिक चाचण्यांची चाळणी (फिल्टर) लावली, की निरीक्षण आणि चाचणी यांतील हे अंतर वाचकाला स्वतः पाहता येते. कर्क्युमिनच्या बाबतीत ‘मिळतेजुळते लेख’ या दुव्यांवरून मी जानेवारी २०१७ च्या एका आढाव्यापर्यंत पोहोचले. १२० हून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी अंध (कोणाला काय दिले हे रुग्ण आणि संशोधक दोघांनाही ठाऊक नसलेली), कृतक म्हणजे गुणहीन औषधाशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असे मत त्यात औषधी रसायनशास्त्रज्ञांनी नोंदवले होते. त्याला विरोध करणारे लेखनही तिथून दूर नव्हते.

नॅनोवैद्यकात मात्र हीच सेवा वापरणाऱ्याकडून बरीच दक्षता मागते आणि याच विषयात माझी स्वतःची चूक झाली आहे. एका विद्यापीठाच्या पत्रकात कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध पोहोचवणाऱ्या कणांचा गौरव होता; मी पबमेडवरील गोषवारा वाचला, पत्रकाशी तो जुळला आणि मजकूर पुढे पाठवला. पूर्ण निबंध वाचल्यावर कळले की सर्व प्रयोग उंदरांवर होते, आणि गोषवाऱ्यात प्राण्याचा उल्लेख एकाच संक्षेपात दडलेला होता. तेव्हापासून नोंदीखालच्या मेश संज्ञांत ‘माणूस’ आहे की ‘उंदीर’, हे मी गोषवाऱ्याच्याही आधी पाहते. या विषयात हा फरक निर्णायक आहे. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने कण तिथे साचतात, ही कल्पना १९८६ साली मांडली गेली आणि उंदरांतील वेगाने वाढणाऱ्या गाठींत ती ठळकपणे दिसते. माणसांतील गाठी याबाबत एकमेकींपासून फार भिन्न असतात. दहा वर्षांतील ११७ निबंधांचा २०१६ मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के होते. तरीही हे क्षेत्र पोकळ नाही. लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, भरलेल्या डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, तर मेदकणांतून आरएनए यकृतापर्यंत नेणाऱ्या पॅटिसिरान या औषधाला २०१८ मध्ये. प्रयोगशाळेतील शेकडो कणांतून रुग्णापर्यंत पोहोचलेले हे मोजके कण वेगळे काढायला चाळण्या मदत करतात, परंतु त्यांच्यातही एक खोट आहे. ‘माणसांवरील अभ्यास’ ही चाळणी मेश संज्ञांवर चालते आणि मेडलाइनबाहेरच्या नोंदींना त्या संज्ञा नसतात; म्हणून चाळणी लावताच अशा नोंदी काही न सांगता नाहीशा होतात. एवढ्या जुन्या सेवेने तसा इशारा पानावरच द्यायला हवा होता.

मानसशास्त्रात पबमेडचा आवाका निम्माच आहे. मनोविकार, मेंदू आणि उपचारपद्धती यांवरील संशोधन पुरेसे सापडते. सामाजिक किंवा शैक्षणिक मानसशास्त्राकडे वळताच पोकळी जाणवते. या विषयाची मुख्य सूची सायकइन्फो असून तिला वर्गणी लागते. मला अधिक खुपते ती दुसरी उणीव. २०१५ मध्ये सायन्स नियतकालिकात मानसशास्त्रातील १०० प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या सार्थ (केवळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेले) होते, पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. निबंध मागे घेतला गेला तर पबमेड ठळक सूचना देते, मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग फसला असेल तर मूळ नोंदीवर त्याची विशेष खूण नसते. उल्लेख करणाऱ्या लेखांच्या लांबलचक यादीतून वाचकाने ते स्वतः हुडकायचे. निबंधांवर संशोधकांना जाहीर टिप्पणी करू देणारी ‘पबमेड कॉमन्स’ ही सोय २०१३ मध्ये आली होती आणि २०१८ मध्ये बंद झाली. ती टिकली असती तर ही उणीव काही अंशी तरी भरून निघाली असती, असे मला आजही वाटते.

वनस्पतिविज्ञानासाठी केवळ या सेवेवर विसंबू नये. जनुके, विकरे आणि औषधी रेणू यांच्याशी संबंधित काम इथे मिळते. हळदीत कर्क्युमिन घडवणाऱ्या विकरांवरचा २००९ चा निबंध मला सहज सापडला. माती, पीकपद्धती, कीडनियंत्रण किंवा वनस्पतींचे वर्गीकरण यांवरचे बरेचसे लेखन मात्र या जाळ्याबाहेर राहते. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाची ॲग्रिकोला आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ॲग्रिस या दोन विनामूल्य सूची आहेत. मी सहसा युरोप पीएमसी या दुसऱ्या शोधसेवेपासून सुरुवात करते, कारण तिच्यात पबमेडच्या नोंदींबरोबर ॲग्रिकोलाच्या नोंदीही येतात आणि मुक्त उपलब्ध निबंधांच्या पूर्ण मजकुरातही शोध घेता येतो. वनस्पतीतून निघून औषधाकडे जाणाऱ्या विषयांसाठी दोन्ही खिडक्या शेजारी उघडून ठेवाव्यात.

वाचकाने पूर्ण निबंध मिळवण्याची तयारी ठेवावी. गोषवाऱ्यावर थांबू नये. विनामूल्य पूर्ण मजकुराची चाळणी सोयीची आहे, परंतु तिच्यामुळे वर्गणीमागे असलेले महत्त्वाचे निबंध यादीतून गळतात, म्हणून ती मी अगदी शेवटी लावते. खाते उघडून शोध जतन केला, तर नव्या नोंदी ईमेलने येत राहतात. कर्क्युमिनचा माझा शोध तसा जतन केलेला आहे आणि प्रत्येक नव्या नोंदीत मी आधी तो प्रयोग कोणावर झाला हे पाहते.