ज्वारीचा दाणा, कपाशीचा धागा: एसएचजी आणि फ्लुरोसन्स वेगळे करायला कोणती पद्धत घ्यावी?

दारव्हा-मेहकरकडच्या कॉलेजात फेम्टोसेकंद (अतिशय छोट्या स्पंदनांचा) लेसर नसतो. नमुने घेऊन शहरातल्या संस्थेत जावं लागतं आणि मशीनवर मोजकेच तास मिळतात. म्हणून पद्धत निघण्याआधीच ठरवा.

ज्वारीच्या दाण्याच्या पातळ कापावर ८०० नॅनोमीटरचा लेसर पडला की दोन तऱ्हेचा प्रकाश येतो. स्टार्चच्या कणांतून येतो तो एसएचजी (सेकंड हार्मोनिक जनरेशन: लेसरच्या निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश), म्हणजे कोहेरंट, एका लयीतला प्रकाश: नेमका ४०० नॅनोमीटरवर, त्याच क्षणी, लेसरच्या कलेशी (फेजशी) बांधलेला. पेशीभित्तिकांतल्या फेरुलिक आम्लासारख्या द्रव्यांतून येतो तो फ्लुरोसन्स, म्हणजे द्रव्याने शोषून पुन्हा सोडलेला प्रकाश: ४००च्या पुढे पसरलेला, किंचित उशिरा, कलेशी नातं नसलेला. लेसरची शक्ती दुप्पट केल्यावर सिग्नल चौपट झाला, एवढ्यावरून एसएचजी सिद्ध होत नाही. हा फ्लुरोसन्स टू-फोटॉन, म्हणजे दोन फोटॉन एकदम शोषून येणारा; तोसुद्धा चौपटच होतो. प्रकल्प-अहवालांत ही चूक फार दिसते.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात अरुंद (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडणाऱ्या) फिल्टरने करा. सुमारे १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदनाचा एसएचजी जेमतेम ३-४ नॅनोमीटर रुंद असतो, त्यामुळे १० नॅनोमीटरचा फिल्टर पुरतो. फ्लुरोसन्सची कड तरीही आत शिरते. ती ओळखायला लेसर ८०० वरून ८४० वर न्या. एसएचजी ४२० वर सरकेल, फ्लुरोसन्सचा पट्टा जवळपास जागेवरच राहील. दुसरी खात्री घरच्या चुलीवर होते. ज्वारीच्या कण्या पूर्ण शिजवून त्यांचा ताजा नमुना सोबत न्या. शिजताना स्टार्चची आतली रचना मोडते आणि एसएचजी जातो. त्याच फिल्टरमधून शिजलेल्या कणीत जे चमकतं, ते फ्लुरोसन्स समजा.

वेळेवरून वेगळं करायचं तर फोटॉन मोजणारं टायमिंग कार्ड लागतं. ८० मेगाहर्ट्झच्या लेसरला दोन स्पंदनांत १२.५ नॅनोसेकंद मिळतात, तेवढ्यात बहुतेक फ्लुरोसन्स विझतो. उशिराच्या खिडकीत (वेळेच्या तुकड्यात) निव्वळ फ्लुरोसन्स मिळतो, हा या पद्धतीचा खरा फायदा. पहिल्या खिडकीत मात्र भेसळ असते: डिटेक्टर स्वतःच शंभर-दोनशे पिकोसेकंद पसरवतो आणि लवकर विझणारा फ्लुरोसन्स त्यातच मिसळतो. मशीनवर कार्ड आधीच बसवलेलं असेल तर जरूर वापरा, फक्त त्यासाठी दुसऱ्या संस्थेची वाट पाहू नका.

तिसरी पद्धत व्यतिकरणाची (इंटरफेरन्सची). त्याच लेसरपासून बीबीओ या तरंगलांबी निम्मी करणाऱ्या स्फटिकात संदर्भाचा एसएचजी तयार करून नमुन्याच्या प्रकाशात मिसळायचा आणि त्याची कला फिरवायची. जो भाग कलेबरोबर कमी-जास्त होतो तोच कोहेरंट. तत्त्व म्हणून ही सर्वांत शुद्ध पद्धत, कारण इथे रंगावर किंवा वेळेवर भिस्त नाही. क्षीण सिग्नलही संदर्भाच्या जोरावर वर येतो. पण दोन्ही वाटांची लांबी तरंगलांबीच्या अंशाइतकी स्थिर ठेवावी लागते, आणि पाहुण्या विद्यार्थ्याला तेवढ्या तासांत ते साधणं कठीण. शिवाय नमुन्यावरच दोन स्पंदनं टाकून उशीर बदललात, तर ती एकमेकांवर येतात तिथे फ्लुरोसन्सलाही पट्टे दिसतात, कारण उत्तेजन देणारा प्रकाशच व्यतिकरण करतो. संदर्भ नमुन्यानंतर मिसळणं म्हणूनच महत्त्वाचं.

ज्वारीसाठी फिल्टर आणि शिजवलेली कणी एवढं बास. कपाशीच्या धाग्यातल्या सेल्युलोजचा एसएचजी स्टार्चपेक्षा बराच क्षीण असतो, तिथे टायमिंग कार्ड असलेलं मशीन शोधा. तंतूंची ध्रुवता (त्यांतले रेणू कोणत्या टोकाकडे तोंड करून आहेत) हाच तुमचा प्रश्न असेल, तरच व्यतिकरणाचा सेटअप आधीपासून चालू असलेल्या प्रयोगशाळेला लिहा. पऱ्हाटीचं हिरवं पान नेणार असाल, तर क्लोरोफिलची चमक ६८० नॅनोमीटरच्या आसपास, ४०० पासून फार लांब असते. ती साध्या फिल्टरनेही अडते.