खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या जखमांसाठी कॅनामायसिन पावडर, तीनदा वापरायची वेळ आली त्यावरून

सरळ सांगतो, 5 पैकी 4 स्टार. कापलेला एक स्टार पावडरीचा नाही, डबीवरच्या लेबलचा आहे. लेबलवर लिहिलंय की जखमा, फिन रॉट (पर सडणं), पॉपआय (डोळे बाहेर येणं), फंगस म्हणजे बुरशी, ड्रॉप्सी (अंग फुगणं) सगळ्यावर चालतं. चालतं म्हणे! आत आहे कॅनामायसिन सल्फेट, म्हणजे अँटिबायोटिक, ते बॅक्टेरियावर काम करतं आणि त्यातही ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटावर, आता मरीन माशांच्या जखमा चिघळवणारे व्हिब्रिओ वगैरे नेमके त्याच गटातले आहेत म्हणून ते कामाचं. फंगस आणि परजीवी त्याला भीक घालत नाहीत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, असल्या डब्या बऱ्याच आहेत, मागची बाजू वाचून घ्या. आणि कित्येक देशांत हे पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेही बरोबरच आहे म्हणा.

पहिला पेशंट फॉक्सफेस मासा. सकाळी लाइट लागले आणि बघतो तर कुशीवर पट्टी धरून ओढल्यासारखी रेघ, साधारण 2 सेंमी, कडा स्वच्छ, आत फिकट गुलाबी मांस. एवढा सरळ काप दगडावर घासून होत नाही, हे त्याच टाकीतल्या टँगचं (सर्जनफिश) काम. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो, भांडण झालं की शेपूट फिरवून मारतो. दगडाचं खरचटणं पसरट असतं, खवले उडालेले दिसतात, आणि पंपाच्या जाळीला चिकटलेल्या माशाच्या अंगावर गोल नाहीतर जाळीच्या आकाराचा लाल वळ उठतो. आधी हे बघा, कारण कशाने लागलं हे कळलं नाही तर मासा बरा होऊन परत त्याच कारणाने जखमी होणार. (फॉक्सफेस नवीन घेतलेल्यांसाठी, रात्री किंवा घाबरल्यावर त्याच्या अंगावर जे तपकिरी ढग उठतात ती जखम नाही, थोड्या वेळाने आपोआप जातात, पहिल्यांदा बघून मी पार हादरलो होतो.)

खरं तर तेव्हा काहीच टाकायची गरज नव्हती. मासा खात होता, फिरत होता, आणि पाणी चांगलं असेल तर माशाची वरची कातडी जखमेवर आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ लवकर सरकते. आपल्यासारखी खपली धरत नाही त्यामुळे दिसायला भयंकर दिसतं एवढंच. पण मला कुठला दम निघतोय, मी मेन टँकमध्येच एक हर्बल बाटली ओतली, ती टी ट्री तेलाच्या वासाची, तर स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाने असा उतू गेला की जमीन पुसून कंटाळलो आणि जखम आहे तशीच. तिला 1 स्टार, तोही वासासाठी.

तिसऱ्या दिवशी चित्र बदललं. कडा लाल, मध्ये पांढरट कापसासारखं, माशाने खाणं सोडलं. कापूस दिसला की लोक फंगस म्हणून मोकळे होतात, पण मरीन माशांत फंगस क्वचितच असतं, बहुतेकदा ते बॅक्टेरिया आणि मेलेली कातडी असते. (फुलकोबीसारख्या घट्ट गाठी असतील तर तो लिम्फोसिस्टिस, व्हायरस, त्याला औषध नाही आणि सहसा लागतही नाही.) लाली पसरतीये, कडा कुरतडल्यासारख्या दिसतायत, श्वास जोरात चाललाय, यातलं काही दिसलं तर मग थांबू नका.

आता पावडर. ही मेन टँकमध्ये अजिबात टाकू नका, बायोफिल्टरच्या, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या, बॅक्टेरियाची वाट लागू शकते. मी 40 लिटरचा हॉस्पिटल टँक लावला, नुसती काच, पाइपचे दोन तुकडे लपायला, हीटर आणि दोन एअरस्टोन. एअरस्टोन दोन कारण खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो. मासा जाळीने न पकडता डब्याने पकडला, जाळीने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच तर त्याचा पहिला बचाव, शिवाय फॉक्सफेसचे काटे विषारी असतात, हात लांबच बरा. आणि सॅलिनिटी (खारटपणा, विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) 1.025 वरून हळूहळू 1.019 वर आणली. कारण माशाच्या रक्तात मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतं, त्यामुळे बाहेरचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढत असतं, त्यात कातडीला भोक पडलं की आणखी, म्हणजे पाण्यात राहून बिचारा सुकतो. बाहेरचं मीठ थोडं कमी केलं की हा ताण कमी होतो. परत वर नेताना मात्र अजून सावकाश, मी जवळजवळ आठवडा घेतला.

डोस लेबलप्रमाणे, दर 48 तासांनी, जास्तीत जास्त 3. चौथा टाकायचा मोह होतो, टाकू नका, या जातीची अँटिबायोटिक्स किडनीवर जड जातात. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा नाहीतर तो औषधच ओढून घेईल. अमोनिया रोज मोजा, खाऱ्या पाण्याचा पीएच 8 च्या वर, तिथे अमोनिया जास्त विषारी असतो, मी प्रत्येक डोसच्या आधी पाणी बदलत होतो. दुसऱ्या डोसनंतर त्याने नोरीचा (वाळवलेलं समुद्री शेवाळ) तुकडा ओढला आणि माझ्या जिवात जीव आला. तिसऱ्यानंतर लाली गेली, महिनाभराने नुसता एक फिकट चट्टा राहिला.

मग मी शेफारलो. पुढे एका ग्रीन क्रोमिस माशाच्या कुशीवर लालभडक चट्टा दिसला, मारामारीची जखम समजून तीच पावडर तसेच डोस, आणि दुसऱ्या डोसआधीच मासा गेला. चट्ट्यावरचं थोडं खरवडून मायक्रोस्कोपखाली धरलं तर सगळीकडे वळवळ, युरोनेमा. हा एकपेशीय परजीवी कातडीखालच्या मांसात शिरतो, क्रोमिसमध्ये वारंवार दिसतो, आणि कॅनामायसिनने त्याचा केसही वाकडा होत नाही. फॉर्मॅलिन बाथने वाचला असता की नाही देव जाणे, पण निदान योग्य औषध तरी मिळालं असतं. खवल्यांखालून रक्त साकळल्यासारखं दिसतंय आणि कुणी मारताना दिसलेलं नाही तर पावडरीच्या डबीला हात लावायच्या आधी मायक्रोस्कोप काढा, साधा चालतो.

तिसऱ्यांदा क्लाउनफिशची शेपटी फाटली होती. डबी काढली, झाकण उघडलं, शेपटीचं बूड शाबूत दिसलं, परत लावून ठेवलं. पाणी बदललं, खाणं वाढवलं, शेपटी आली परत.

डबीतला चमचा एवढासा आहे की ओल्या हाताने धरला तर अर्धी पावडर त्यालाच चिकटते, हात कोरडे ठेवा. फॉक्सफेस परत सोडताना आधी सगळे दगड हलवले आणि टँगला चार दिवस जाळीच्या बॉक्समध्ये ठेवलं, आता टँग फुगून फिरतो नुसता, अजून तरी शेपटी उचललेली नाही.