आईच्या टीव्हीला दूरदर्शनची फ्री डिश लावली, नऊ महिन्यांनी लिहितोय

शिमग्याला गावी गेलो होतो (देवगड तालुका) तेव्हाच बसवून घेतली. आता डिसेंबर संपत आला, म्हणजे एक अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं त्यावर काढून झालंय, त्यामुळे बोलायला हरकत नाही. आधीच सांगतो, वस्तू वाईट नाही. डोकं फिरलं ते "फ्री" ह्या शब्दाने.

आधी आईकडे पैसे भरायची डीटीएच होती. मी मुंबईहून मोबाईलवरून रिचार्ज मारायचो, विसरलो की संध्याकाळी फोन यायचाच. ती बघते काय, तर सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, कुठे कीर्तन लागलं तर ते आणि दोन सिरियल. एकदा पॅक नीट उघडून बघितला तर निम्म्याहून जास्त चॅनल फ्री टू एअर, म्हणजे चॅनलवाला स्वतः काहीच पैसे घेत नाही असे. मग पैसे कसले कापतात? तर चॅनल फुकट असला तरी तो त्या कंपनीच्या डिशवरून घरात आणायचं भाडं वेगळं, त्याला एनसीएफ म्हणतात. २०१९ च्या नियमांनी २०२४ पर्यंत ते महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होतं, एकही पे चॅनल घेतला नाही तरी. मी रोज कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आणि मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं, मग आईला काय कळणार.

म्हणून ठरवलं की सरळ दूरदर्शनची डीडी फ्री डिश लावायची. २००४ पासून चालू आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, महिन्याचं काही नाही, एकदा बॉक्स आणि छत्री (म्हणजे डिश) घेतली की झालं. बाजारात गेलो तर दुकानदाराने "फ्री"च्या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दाखवल्या. एक खाजगी कंपनीचा बॉक्स, "ह्याच्यात पण फ्री चॅनल येतत" (पहिले काही महिने, पुढे रिचार्ज). दुसरा स्मार्ट टीव्ही, त्यात फ्री चॅनलचं ॲप, पण ते इंटरनेटवर चालतं आणि आमच्या घरी रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात येते, तीही वाऱ्याच्या मर्जीवर. तिसरा एकदम स्वस्त बॉक्स, तो निघाला जुना एमपेग-२ वाला (एमपेग म्हणजे चित्र आकसून पाठवायची पद्धत, २ जुनी, ४ नवी). फ्री डिशवर बरेच चॅनल एमपेग-४ मध्ये आहेत, ते जुन्या बॉक्सला दिसतच नाहीत. हे दुकानदाराने सांगितलं नाही, मी घरून वाचून गेलो होतो म्हणून वाचलो. एमपेग-४ बॉक्स, छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा), वायर मिळून १,८०० आणि बसवायचे ३००. घेणार असाल तर बॉक्सच्या खोक्यावर एमपेग-४ लिहिलेलं बघूनच पैसे द्या, बाकी दुकानदार काय बोलतो ते सोडा.

बसवायला जो पोरगा आला त्याने अर्धा दिवस घातला. फ्री डिश येते जीसॅट-१५ उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व. आमच्याकडून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि बऱ्यापैकी वर करावं लागतं आणि नेमका तिथेच आमचा फणस. तो तोडायचा नाही हे आईने आधीच बजावलं होतं म्हणून छत्री विहिरीकडच्या भिंतीवर गेली. मग सिग्नल मस्त आला, चॅनलची यादी पण भरली, पण प्रत्येक नावापुढे डॉलरचं चिन्ह आणि स्क्रीन काळी. पोरगा म्हणे बॉक्स खराब. बॉक्स खराब नव्हता, बाजूलाच ९५ अंशावर पैसेवाल्या डीटीएचचे चॅनल देणारा दुसरा उपग्रह आहे, दीड अंशाचा तर फरक, छत्री त्याच्यावर जाऊन बसली होती. डॉलर दिसला की समजा लॉक केलेला चॅनल आहे, बॉक्स बदलायला धावू नका, छत्री केसभर सरकवा.

रात्री आईने सगळे चॅनल फिरवले आणि म्हणाली, "फुकट म्हणान घेऊन इलंस, माझी सिरियल खय आसा ह्यात?" कुठेच नव्हती. मोठ्या मराठी सिरियलवाले चॅनल पे आहेत, ते फ्री डिशवर नाहीत, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं, चूक माझीच. शेजारची वहिनी म्हणाली हिंदी सिरियल तरी आधी ह्याच्यावर दिसायच्या. खरंय तिचं. मोठ्या नेटवर्कचे हिंदी चॅनल २०१९ ला गेले, २०२० च्या जूनमध्ये परत आले, एप्रिल २०२२ ला पुन्हा गेले. बघणाऱ्याला फुकट असलं तरी चॅनलवाल्याला लिलावात जागा विकत घ्यावी लागते आणि तो हिशोब १ एप्रिलला बदलतो. आम्ही बसवली मार्चच्या शेवटी! आठवड्यात दोन चॅनल गायब, चार इकडचे तिकडे, आईला वाटलं बिघडला. रीस्कॅन केलं, म्हणजे बॉक्सला चॅनल पुन्हा शोधायला लावले, की ठीक होतं पण ते फोनवरून समजवताना माझा घसा बसला.

आता मॅचचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. २९ जून २०२४, टी-२० वर्ल्डकपची फायनल, मी मुद्दाम गावी होतो. समोरचे काका आले, त्यांच्याकडे पैसेवाली डीटीएच, क्रीडाचा पॅक नाही पण डीडी स्पोर्ट्स आहे. "दूरदर्शनवर मॅच आसा म्हणतत, माझ्याकडे दुसराच काय तरी चाललाहा." त्यांचा बॉक्स बरोबर होता. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, पण ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवर दाखवता येतं, केबल किंवा खाजगी डीटीएचवर नाही, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तसं ठरवलं. म्हणजे चॅनल तोच, नंबर दाबला की नाव तेच, आणि आत कार्यक्रम वेगळा. पैसे भरणाऱ्याला नाही, फुकटवाल्याला आहे. काका म्हणाले ही काय बात झाली. मग काय, अर्धी वाडी आमच्या पडवीत, आई दोनदा चहा टाकून कंटाळली.

आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हवे होते तेव्हा इकडे पाऊस धरला. चित्राचे चौकोन झाले, मग "नो सिग्नल". डीटीएच ज्या कु बँडच्या लहरींवर येते त्या जोरदार पावसात थेंबांतच विरतात, हे सगळ्याच डीटीएचला होतं, पण त्या रात्री कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. एकाने मुंबईच्या भावाला फोन लावला आणि तो कॉमेंट्री सांगत बसला. शेवटच्या ओव्हरला चित्र आलं, सूर्यकुमारचा कॅच दिसला, तेवढ्यावर सगळं माफ. नंतर छत्री मोठी घेतली, थोडा फरक पडला, जुलैच्या मुसळधारीत तीही जाते. विजा सुरू झाल्या की वायर काढून ठेवायची हे वेगळं सांगायला नको. आणि हो, वानरं. गणपतीच्या तोंडावर छत्रीवर चढून तिचं तोंड थेट वेंगुर्ल्याकडे करून गेली.

नोव्हेंबरमध्ये प्रसार भारतीचं (दूरदर्शन चालवणारी संस्था) वेव्हज ॲप आलं, गोव्यात उद्घाटन झालं. पुतण्या लगेच म्हणाला आता छत्री काढा, सगळं ह्याच्यावर फ्री. मुंबईत मस्त चालतं. गावी पडवीच्या त्या कोपऱ्यात आईला स्टूल टाकून बसवणार का?

जुना रिचार्ज मी बंद केला तो केलाच. सिरियलच्या वेळेला आई काकांकडे जाते आणि मॅच असली की काका आमच्याकडे. खाऱ्या हवेने एलएनबीचा स्क्रू आत्ताच लाल झालाय, मे महिन्यात जाईन तेव्हा बदलतो.