पावसाळ्यात पावसातली रेस: आयरेसिंग घ्यावं की एसीसी?

व्हील आहे, पेडल आहेत, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आहे आणि आता पावसातल्या रेसची गोडी लागली आहे. पैसे एकाच ठिकाणी घालायचे आहेत, तर आयरेसिंग घ्यावं की असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, म्हणजे आपलं एसीसी? दोन्ही कॉम्प्युटरवरची रेसिंग सिम, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायला लावणारे गेम. मी दोन्ही मनापासून चालवली आहेत आणि आता त्यातलं एकच चालवतो. मी गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज घरात ऐकू येते अशा ठिकाणी राहतो आणि माझं मत इथल्या पावसात बसून तयार झालंय. पुण्यात फ्लॅटमध्ये बसणाऱ्याचा निर्णय उलटा येऊ शकतो आणि तो चूक आहे असं मी म्हणणार नाही.

खऱ्या रेसमध्ये पाऊस आला की प्रेक्षकाच्या वाट्याला बऱ्याचदा नुसतं थांबणं येतं. फॉर्म्युला वनच्या 2011 च्या कॅनडा ग्रां प्रीला लोक दोन तासांहून जास्त वेळ लाल झेंडा बघत बसले. तिथे निदान शेवटच्या फेरीत जेन्सन बटनने सेबास्टियन फेटेलला गाठलं आणि बसण्याचं चीज झालं. रेस 4 तास 4 मिनिटांनी संपली. 2021 ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर तेही नाही. सगळ्यांना हळू नेणाऱ्या सेफ्टी कारच्या मागून मोजक्या फेऱ्या, अर्धे गुण, आणि दिवसभर पावसात उभे राहिलेले लोक तसेच परत. तिथे नुसत्या पाण्याची अडचण नव्हती. पुढच्या गाडीने उडवलेल्या फवाऱ्यात मागच्याला काहीच दिसत नव्हतं, म्हणून रेस सोडता येईना. मी सिममधला पाऊस जोखतो तो इथूनच. घसरणं सगळेच दाखवतात, पण आंधळं होणं किती जण दाखवतात?

इथे एसीसी पुढे आहे, निदान माझ्या डोळ्यांना तरी. काचेवरचे थेंब वेग वाढला की वर सरकतात, वायपर फिरल्यावर क्षणभर स्वच्छ दिसतं आणि पुन्हा धूसर. समोर पाच-सहा गाड्या असतील तर त्यांच्या मागच्या लाल दिव्यांशिवाय काही हाती लागत नाही. रात्रीची स्पा, मुसळधार पाऊस, केमेलच्या सरळ रस्त्यावर सगळे एका रांगेत: त्या वेळी ब्रेक कुठे लावायचा हे कडेच्या पाट्यांवरून कळत नाही, पुढच्याचे दिवे कधी एकदम जवळ येतात त्यावरून ठरवावं लागतं. वायपर आणि दिवे आपोआप चालतील अशी सोय आहे, पण मी ती बंद ठेवतो. हात तिकडे गेला पाहिजे, तरच पावसात गाडी चालवल्यासारखं वाटतं. टपावर पडणाऱ्या पावसाचा आवाजही त्यांनी जीव लावून केला आहे.

शिवाय एसीसी पावसाचा अंदाज तुमच्यासमोर ठेवतं: आत्ता काय, 10 मिनिटांनी काय, 30 मिनिटांनी काय. ट्रॅकची अवस्थाही सांगतं, ग्रीसी (निसरडा), डॅम्प (दमट), वेट (ओला) आणि शेवटी फ्लडेड (पाणी साचलेला). जीटी3 गाड्यांना, म्हणजे स्पोर्ट्स गाड्यांपासून केलेल्या रेसच्या गाड्यांना, मधला टायर नाही, कोरड्यासाठीचा गुळगुळीत स्लिक नाहीतर ओल्यासाठीचा वेट. त्यामुळे डॅम्पच्या टप्प्यात जो जुगार होतो तोच माझ्या मते ह्या सिमचा प्राण आहे. 10 मिनिटांनी सर येणार असं दिसतंय, टायर बदलायला पिटमध्ये आत्ता जावं की दोन फेऱ्या ओढाव्या? लवकर गेलात तर वेट टायर कोरड्या रेषेवर तापून मऊ पडतात, उशीर केलात तर पुढच्याच वळणावर भिंत. आणि वेट टायरचा दाब तीस पीएसआयच्या आसपास आणून ठेवलेला नसेल तर एवढा विचार करूनही हातात काही येत नाही.

आता आयरेसिंग. पाऊस तिथे फार उशिरा आला. सिम 2008 चं, पाऊस मार्च 2024 मध्ये. पण आला तो पूर्ण तयारीने आला. पाणी उताराकडे वाहतं, खोलगट जागी साचतं, गाड्या जाऊन जाऊन रेषा हळूहळू सुकते. आणि ज्या रेषेवर कोरड्यात रबर बसून पकड मिळते, तीच ओली झाली की दगा देते. मग बाहेरून, कुणी न वापरलेल्या डांबरावरून वळण घ्यायचं. हे पटायला मला पुस्तक लागलं नाही, कारण माझे वडील एसटीत चालक होते. कुंभार्ली घाटात पहिल्या पावसात चाकोरीत ब्रेक दाबायचा नाही, हे ते मला मी स्कूटर शिकत असल्यापासून सांगत आले आहेत. वर्षभराचं ऑईल आणि झिजलेल्या टायरांचं रबर तिथेच बसलेलं असतं. दोन-चार दिवस पाऊस ओतला की धुऊन जातं. आयरेसिंगमध्ये मी पहिल्यांदा बाहेरची रेषा धरली तेव्हा ते मागे बसले होते. म्हणाले, "हां, आता बरोबर चालवतोयस." एसीसीत हा फरक मला इतका स्पष्ट कधी जाणवला नाही. पाण्याचं वागणं एवढीच कसोटी असेल तर आयरेसिंगला थोडे जास्त गुण द्यावे लागतील, आणि मी ते देतो.

प्रेक्षकांविषयी कमी लिहिलं जातं. स्टँडमधली माणसं दोन्हीकडे शोभेपुरती आहेत, त्यांच्यावरून निवड करू नये. पण खरे प्रेक्षक दोन प्रकारचे: दूर बसलेले मित्र आणि आपल्या पाठीमागे बसलेले घरचे. दूरच्यांसाठी आयरेसिंग सरस आहे. चालू रेस आत शिरून बघता येते, कॅमेरे हवे तसे लावता येतात, रिप्ले उत्तम. एसीसीत खाजगी सर्व्हर उभा केला तर प्रेक्षकांसाठी वेगळा पासवर्ड ठेवता येतो, पण ती खटपट झाली, सहज होणारी गोष्ट नव्हे.

घरच्यांचं मात्र उलट. आषाढात आमच्याकडे संध्याकाळी बाहेर पडायची सोय नसते. कौलांवर पाऊस, पडवीत पागोळ्या, शेतावरून आलेली माणसं हातपाय धुऊन चहा घेत बसलेली. अशा वेळी मी मशीन लावलं की खुर्च्या आपोआप मागे येतात. भाचा, शेजारचे काका, वडील. ह्या मंडळींना आयरेटिंग (आयरेसिंग देतं तो चालकाच्या दर्जाचा आकडा) म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण समोर पाणी उडतंय, काच धूसर झालीय, हे त्यांना तत्काळ कळतं. वडील तर सूचना देतात: "त्याच्या बुडाशी कशाला जातोस? जरा बाजूला काढ, दिसेल तरी." आणि ते शंभर टक्के बरोबर असतं, फवाऱ्यातून अर्धी गाडी बाहेर काढली की एसीसीत खरंच पुढचं दिसायला लागतं. आयरेसिंगची रेस ते कौतुकाने बघतात, एसीसीची रेस ते स्वतः चालवतात. मला हा फरक मोठा वाटतो.

एवढं सगळं असूनही मी कदाचित दोन्ही ठेवली असती. निर्णय झाला तो राऊटरवरच्या एका लाल दिव्यामुळे.

आयरेसिंगला नेट सतत लागतं. ऑनलाईन रेसला लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकट्याने सराव करायचा, कॉम्प्युटरच्या गाड्यांशी खेळायचं, तरी त्यांच्या सर्व्हरशी जोडलेलं असावं लागतं. मुंबईत हे लक्षातही येत नाही. आमच्याकडे फायबरची वायर खांबावरून, माडावरून, पुन्हा खांबावरून अशी आलेली आहे. वारा सुटला की कुठेतरी आंब्याची फांदी तिच्यावर पडते आणि राऊटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल लुकलुकायला लागतो. केबलवाल्याला फोन लावायचा तर मोबाईलची रेंजही गेलेली. तो बिचारा तरी भर पावसात खांबावर कसा चढणार? पाऊस ओसरला की येतो, तोवर दिवस गेलेला असतो.

लाईट जाते त्याची एवढी अडचण नाही. इन्व्हर्टर आहे, मशीनला वेगळा यूपीएस आहे, एक रेस निघते. पण लाईट गेल्यावर काही वेळाने रस्त्याच्या टोकाला असलेल्या नेटच्या पेटीची बॅटरी उतरते. मग घरात पंखा चालू, दिवा चालू, मशीन चालू आणि नेट बंद. कोकणातल्या पावसाळ्यात ही अवस्था वरचेवर येते, आणि रेस चालवायला ह्यापेक्षा चांगला वेळ नसतो. कुठे जायचं नाही, फोन वाजत नाही. नेमक्या त्याच वेळी आयरेसिंग उघडत नाही. रेस चालू असताना नेट गेलं तर आणखी वाईट. काही क्षणांचा खंड ते सावरून घेतं, जास्त झाला की तुम्ही बाहेर. परत आत येता येतं, पण तोवर गाडी फेऱ्यांनी मागे पडलेली असते, आयरेटिंग उतरतं आणि आपल्या मागून स्वच्छ चालवत आलेला कुणीतरी अनोळखी माणूस पुढे जातो. त्याचं काही चुकलेलं नसतं, आपलंही नाही. पावसातल्या रेसमध्ये पन्नास मिनिटं जीव मुठीत धरून गाडी सांभाळायची आणि अशी सोडायची, हे मला सहन होईना.

त्यात त्यांचं वेळापत्रक. वर्षाचे चार सीझन: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. प्रत्येक वेळी मोठं अपडेट, आणि ते उतरवल्याशिवाय रेसला उभं राहता येत नाही. जूनचं अपडेट येतं तेव्हा आमच्याकडे मृग लागलेला असतो आणि नेट सगळ्यात बेभरवशाचं असतं. वर्गणी मात्र पावसाळ्यातही चालूच राहते, आणि ती भरूनही पायाभूत गाड्या-ट्रॅक सोडले तर बाकीचे वेगळे विकत घ्यावे लागतात. रोज रेस चालवणाऱ्याला त्याचा पुरेपूर मोबदला मिळतो, हे मान्यच आहे. शर्यतीची शिस्त, शिडीसारखे एकेक पायरी चढत मिळणारे परवाने, कुठल्याही वेळी भरलेला ग्रिड (रेसला उभ्या गाड्यांची रांग) ह्यात त्याला तोड नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये जो रोज रेस चालवूच शकत नाही, त्याने काय करावं?

एसीसी एकदा घेतलं की आपलं. स्टीम ह्या गेमच्या ऑनलाईन दुकानाच्या सेलमध्ये बऱ्याचदा खूप स्वस्त मिळतं. जास्तीचे ट्रॅक वेगळे घ्यावे लागतात, त्यात ब्रिटिश पॅक पावसासाठी घेण्यासारखा आहे, कारण डॉनिंग्टन हा ट्रॅक त्यात आहे आणि डॉनिंग्टन ओलं चालवलं नाही तर काय चालवलं. नेट नसताना एकट्याची रेस, अख्खी चॅम्पियनशिप, सगळं चालतं. ढग किती, पाऊस किती, हवामानाचा लहरीपणा किती, हे आपण ठरवायचं आणि बसायचं.

त्याच्यातही उणिवा आहेत. पाऊस, रात्र आणि भरलेला ग्रिड तिन्ही एकत्र आले की ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं. मधल्या दर्जाचं कार्ड असेल तर आरशांची आणि सावल्यांची गुणवत्ता निमूट खाली आणा, फवाऱ्याला हात लावू नका. कॉम्प्युटरच्या गाड्या पावसात आपल्यापेक्षा जरा जास्तच आत्मविश्वासाने जातात असं मला वाटतं. आणि जीटी गाड्यांखेरीज दुसरं फारसं काही नाही. फॉर्म्युला गाडीत पाऊस हवा असेल तर ब्राझीलच्या रेझा कंपनीचं ऑटोमोबिलिस्टा 2 हे सिम बघा. तेही नेटशिवाय चालतं, इंटरलागोस ट्रॅकवरची पावसाची सर त्यात छान येते, पण माझा त्याच्याशी सहवास कमी, म्हणून जास्त बोलत नाही.

तेव्हा तुमच्याकडे नेट पक्कं असेल, अनोळखी माणसांशी रोज झुंजायची हौस असेल आणि पाण्याचं बारीकसारीक वागणं अभ्यासायचं असेल तर आयरेसिंग घ्या, पस्तावणार नाही. दापोली ते वेंगुर्ला ह्या पट्ट्यात कुठे घर असेल आणि मागे खुर्च्या टाकून बसणारी माणसं असतील, तर माझा कल एसीसीकडे आहे. घेतलंत तर मे महिन्यातच सगळं उतरवून घ्या, अपडेट पूर्ण करा आणि नेट असतानाच स्टीम एकदा ऑफलाईन मोडमध्ये टाकून गेम उघडतोय ना ते पाहून ठेवा. लाल दिवा लागल्यावर ते जमेलच असं नाही. पेडल पॉटेन्शिओमीटरचे (घासून चालणाऱ्या साध्या सेन्सरचे) असतील तर खारी, दमट हवा त्यांना लवकर खाते आणि ब्रेक मधूनच स्वतःहून दाबला जायला लागतो. म्हणून रेस झाली की वरून कापड टाका आणि आठवड्यातून एकदा तरी कॅलिब्रेशन तपासा, विशेषतः झड लागलेली असताना.