'आताच रिन्यू करा': अँटीव्हायरसमधल्या एका बटणाचं परीक्षण

अँटीव्हायरसच्या वर्गणीची मुदत संपायला महिना-दीड महिना बाकी असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवायला लागते. रंग लाल किंवा पिवळा, मजकूर घाबरवणारा, खाली भलंमोठं बटण. व्हायरस पकडण्याचं काम आजची बहुतेक नावाजलेली सॉफ्टवेअर चोख करतात, त्यामुळे इथे परीक्षण आहे ते फक्त या बटणाचं.

पहिला प्रश्न एकच: मुदतीआधी रिन्यू केलं तर उरलेल्या दिवसांचं काय होतं? ते प्रत्येक कंपनीत वेगळं आहे. ईसेटमध्ये मुदत संपण्याआधी लायसन्स रिन्यू केलं तर उरलेले दिवस नव्या मुदतीत जोडले जातात. कॅस्परस्कीत नवा कोड राखीव म्हणून टाकून ठेवता येतो आणि जुना संपला की तो आपोआप लागू होतो. या दोन्ही पद्धती सरळ आहेत. गोची होते ती कोड टाकल्या क्षणापासून ३६५ दिवस मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे ४५ दिवस आधी घाई केली, तर वर्षभराच्या वर्गणीचा जवळपास आठवा हिस्सा पाण्यात. पैसे देऊन घेतलेले दिवस जातात आणि पडद्यावर मात्र हिरवी खूण दिसते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिव्हाइसची संख्या बदलली की हिशेब आणखी फिरतो. काही ठिकाणी उरलेले दिवस नव्या प्लॅनच्या प्रमाणात वाटले जातात: एका कॉम्प्युटरचे ६० दिवस शिल्लक असताना तीन डिव्हाइसचा प्लॅन घेतला, तर त्यांचे २० दिवस होतात. यात फसवणूक नाही, पण खरेदीच्या पानावर हे ठळक अक्षरात क्वचितच असतं.

दुकानातून किंवा ऑनलाइन 'की' (म्हणजे लायसन्सचा कोड) घेताना ती 'रिन्यूअल'ची आहे की 'नवी', हे आधी बघा. काही कंपन्या दोन्ही वेगळ्या विकतात आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे जुनं खातं एका ईमेलवर आणि नवी की दुसऱ्याच ईमेलवर नोंदवणं. पैसे गेलेले असतात, कॉम्प्युटर मात्र मुदत संपत आल्याचंच सांगत राहतो. की आधीच घेऊन ठेवायला हरकत नाही, फक्त ती ॲक्टिव्हेट करायची शेवटची तारीख आणि ती कोणत्या देशासाठी आहे, हे तपासा.

ऑटो-रिन्यूअलला आमच्याकडून सर्वांत कमी गुण. अनेक कंपन्या मुदत संपण्याच्या दिवसाची वाट न पाहता काही आठवडे आधीच कार्डावरून पैसे कापतात, तेही पहिल्या वर्षाची सवलत न देता पूर्ण दराने. तेवढ्यात तुम्ही स्वस्तातली की घेतली असेल, तर एकाच कॉम्प्युटरसाठी दोन वर्गण्या भरल्या जातात. परताव्याची मुदत, जी बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांची असते, साधारणपणे पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे ४० दिवस आधी भरलं, तर नवं वर्ष सुरू होण्याआधीच परत मागायची सोय संपलेली. ऑटो-रिन्यूअल बंद केलं म्हणून चालू वर्गणी थांबत नाही. ती ठरलेल्या तारखेपर्यंत चालते.

'एक दिवस जरी खंड पडला तर?' ही भीतीच हे बटण विकते. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीच बसवलेला असतो. बाहेरच्या अँटीव्हायरसची मुदत संपल्याची नोंद विंडोजकडे झाली की तो आपोआप चालू होतो. खात्री करायची तर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये पहारा कोण देतंय ते बघा.

दोन-तीन वर्षांचा प्लॅन दिवसामागे स्वस्त पडतो खरा, पण तेवढ्या काळात बरंच बदलतं. अमेरिकेने जून २०२४ मध्ये कॅस्परस्कीवर बंदी जाहीर केली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या ग्राहकांना अपडेट देणंही बंद झालं. अनेकांच्या कॉम्प्युटरवर त्या जागी दुसरंच सॉफ्टवेअर आलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनसाठी लांबची वर्गणी भरताना हा विचार आधी व्हावा.

मग करायचं कसं? ॲपमध्ये 'माय सबस्क्रिप्शन' किंवा 'लायसन्स' उघडून संपण्याची तारीख, प्लॅनचं नाव, डिव्हाइसची संख्या आणि खात्याचा ईमेल टिपून घ्या, स्क्रीनशॉटही काढा. ऑटो-रिन्यूअल बंद करा. कॅलेंडरमध्ये पाच दिवस आधीची आठवण लावा. मदत केंद्राला चॅटवर एकच प्रश्न विचारा: 'उरलेले दिवस जोडले जातील का?' आणि उत्तर जपून ठेवा. रिन्यू केल्यावर लगेच नवी तारीख पडताळा. दिवस गेले असतील तर दोन्ही स्क्रीनशॉट आणि बिल जोडून त्याच दिवशी तक्रार करा. वर्गणी संपल्याचा ईमेल आला आणि त्यात फोन नंबर असेल, तर तो लावू नका. तारीख ॲपमध्येच बघा.

लवकर रिन्यू करणं दोनच वेळा पटतं: दिवस जोडले जाणार आहेत आणि दरवाढ जाहीर झाली आहे तेव्हा, किंवा ऑफिसात पन्नासेक कॉम्प्युटरवर की टाकायला आठवडा लागणार असेल तेव्हा. तिथेही आधी एकाच मशीनवर टाकून तारीख बघावी, मग बाकीच्यांना हात लावावा.